लघाटे पाय टेकत नाहीत

माणसाचा फोटो भिंतीवर लागतो तो मेल्यावर आणि चौकातल्या फलकावर लागतो तो वाढदिवसाला, तोही माणूस पुढारी असेल तर, अशी सलिल लघाटे यांची चोपन्न वर्षं समजूत होती. जिवंतपणी आणि पुढारी नसताना आपलं व्हॉट्सअॅपवर स्टिकर होऊ शकतं, हे त्यांना या भाऊबिजेला कळलं.

झालं ते इतकंच. लघाटे बायको उल्का हिच्याबरोबर रत्नागिरीहून साखरप्याला सासुरवाडीला गेले. जाताना गाडीच्या टपावर आपली जुनी, वाकड्या हँडलची सायकल बांधून नेली आणि फराळ आटोपल्यावर "जरा आंबा घाट चढून येतो" असं, पान आणायला निघाल्यासारखं सांगून बाहेर पडले. दुसऱ्याच वळणावर त्यांना उतरावं लागलं. ते सायकल ढकलत असताना नेमका त्यांचा मेहुणा स्वरूप गाडीने कोल्हापूरहून येत होता. मान खाली, जीभ किंचित बाहेर, असा त्यांचा फोटो त्याने काढला, मागचा डोंगर कापून टाकला आणि खाली दोन शब्द घातले, "आलोच हं".

आठ दिवसांत ते स्टिकर सगळ्या नात्यात फिरलं. ज्याला लग्नाला उशीर होणार तो लघाट्यांना पाठवून देई. गॅसचा सिलिंडर आला नाही की लघाटे, लाइट गेले की लघाटे. इथवर त्यांनी सहन केलं, कारण नातेवाईक माणसाला निवडता येत नाहीत. पण एक दिवस कचेरीच्या ग्रुपवर साहेबांनी विचारलं, "ती पाणीपट्टीची फाइल कुठवर आली?" आणि कुणीतरी लघाट्यांना पाठवलं. लघाटे त्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. फाइल त्यांच्याच टेबलावर होती. साहेबांनी खाली हसण्याची तीन चित्रं टाकली.

त्या संध्याकाळी लघाट्यांनी घरच्या ग्रुपवर निवेदन दिलं, "येत्या सव्वीस जानेवारीस मी आंबा घाट याच सायकलने, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, पाय न टेकता चढेन. न चढल्यास सायकल भंगारात देईन. कळावे."

दुसऱ्या दिवशी त्यांना शुद्धिपत्रक काढावं लागलं, कारण सव्वीस जानेवारीला सरकारी माणसाला झेंडावंदनाला हजर राहावं लागतं. "सव्वीस जानेवारीऐवजी जानेवारीचा शेवटचा रविवार असे वाचावे." त्यावर स्वरूपने उत्तरादाखल काय पाठवलं हे सांगायला नको.

ती सायकल म्हणजे त्यांच्या पहिल्या पगाराची वस्तू. बायको त्यानंतर आली, घर त्यानंतर झालं, मुलगी उर्वी त्यानंतर जन्मून पुण्याला नोकरीलाही लागली. भंगाराचं वाक्य लिहून झाल्यावर ते उठून एकदा सायकल पुसून आले होते. पण लिहिलेलं वाक्य मागे घेणं हे त्यांच्या कुंडलीत नव्हतं, आणि नोकरीतही फारसं नव्हतं.

दोष पायांचा नव्हे, गिअरचा आहे, असं लघाट्यांचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं. त्या सायकलीचं मागचं सगळ्यांत मोठं चाक चोवीस दात्यांचं. अशी सायकल सपाटीसाठी असते आणि रत्नागिरीत सपाट असा फक्त समुद्र आहे. ही गोष्ट त्यांना प्रथम समजावून दिली ती शेजारच्या मयेकरांनी. मयेकरांनी तीस वर्षं एसटी चालवली होती आणि ते अजूनही जिना चढताना वळणावर गळा खाकरत.

"लघाटे, घाट पायांनी चढत नाय," मयेकर म्हणाले. "घाट पहिल्या गिअरनं चढतो. तुमच्याकडे पहिला गिअरच नाय. तुम्ही सरळ तिसऱ्यात गाडी उठवताय."

बाकीच्या शेजाऱ्यांनीही आपापल्या परीने हातभार लावला. तळमजल्यावरच्यांनी बॅटरीची सायकल घ्या म्हणून सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गुडघ्याला लावायचा लेप दिला, आणि एका बाईंनी घाट चढण्याऐवजी पाय न टेकता उतरायचं ठरवलंत तर जास्त सोपं पडेल, त्याचं काहीतरी बघा, असं सुचवलं.

तर मागच्या दातेरी चाकांचा सगळा जुडगाच, म्हणजे चौतीस दात्यांपर्यंतचं फ्रीव्हील, आणायचं ठरलं. उर्वीने ते पुण्यात शोधलं आणि रीतीप्रमाणे एसटीच्या गाडीवर टाकलं. फक्त घाईत गाडी चुकली. फ्रीव्हील रत्नागिरीला न येता दापोलीमार्गे केळशीला गेलं, तिथे चार दिवस कुणाच्या तरी ओट्यावर राहिलं, आणि एका मास्तरांच्या चुलतभावाबरोबर परत आलं तेव्हा त्याला सुकटीचा वास येत होता. तो वास शेवटपर्यंत गेला नाही.

जुनं फ्रीव्हील काढायला जो विशिष्ट पाना लागतो, तो गावातल्या एकाही सायकलवाल्याकडे नव्हता. म्हणून लघाटे मिरजोळ्याला धाकू मेस्त्रीच्या लेथवर गेले. धाकू मच्छीमार होड्यांच्या इंजिनांची कामं करायचा. त्याच्यापुढे ते फ्रीव्हील ठेवल्यावर त्याने ते आधी इंजिनाचा सुटा भाग समजून उलटंसुलटं करून पाहिलं.

"काका, पाना मी करून देतंय," धाकू म्हणाला. "पर ह्यो गंज तुमच्या लग्नापासनचा दिसतोय."

"लग्नाच्या आधीपासूनचा," लघाटे स्वाभिमानाने म्हणाले.

धाकूने पाना केला, तो पहिल्याच झटक्याला तुटला. दुसरा केला, तोही तुटला. मग त्याने छिन्नी आणि हातोडा घेतला आणि लघाट्यांना बाहेर जाऊन चहा पिऊन यायला सांगितलं. ते परत आले तेव्हा फ्रीव्हील निघालं होतं, चाकाच्या तीन तारा तुटल्या होत्या आणि आतले छर्रे लेथखानाभर पसरले होते. लघाटे ओणवे होऊन अर्धा तास छर्रे वेचत राहिले. ते आता कशाच्याच कामाचे नव्हते, पण लहानपणचं वळण.

नवं फ्रीव्हील जाडजूड. ते मागच्या चिमट्यात नखाएवढ्या फरकाने बसेना. यावर मयेकरांनी स्वतःच्या गाडीचा जॅक आणला, चिमट्याच्या दोन दांड्यांमध्ये आडवा घातला आणि फिरवायला सुरुवात केली. "बास," लघाटे म्हणाले. "अजून एक फेरा," मयेकर म्हणाले. सायकलीतून कुर्र असा आवाज आला. चिमटा आता इतका फाकला, की त्यात दोन फ्रीव्हीलं शेजारी शेजारी बसली असती. मग तो काथ्याच्या दोरीने आवळून, रात्रभर दोरीत काठी पिळून ठेवून, जागेवर आणला. फ्रीव्हील बसलं तर साखळी ज्या हाताने चाकावरून चाकावर सरकते तो हात आखूड पडला. लांब हात आणला तर साखळी तोकडी झाली.

"अहो, नाल सापडली म्हणून घोडा घेतात हे मी ऐकलं होतं," उल्का म्हणाली. ती शाळेत मराठी शिकवायची आणि म्हणी वाया जाऊ देत नसे. "तुम्ही घोडा होता म्हणून नाल आणलीत, आणि आता नालेला बसत नाही म्हणून घोडा बदलताय. मी म्हणत्ये, मूळ सायकलीतलं उरलंय काय?"

उरलं होतं ते एकच, खालच्या नळीवरचे गिअर ओढायचे पितळी टोपीचे खटके. ते टाकून द्या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. लघाट्यांनी टाकले नाहीत. हे जुने खटके कुठल्याही गिअरला चालतात, कारण त्यांना मुळी आकडेच नसतात. हाताला कळेल तेवढं ओढायचं. नव्या वस्तूंना हे जमत नाही, असं लघाटे जिन्यात उभं राहून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले.

इकडे कचेरीत निराळीच चढण होती. सरकारी नोकराने सुटीच्या दिवशीही मुख्यालय सोडायचं तर परवानगी घ्यावी लागते, आणि आंबा घाटाचा माथा पडतो कोल्हापूर जिल्ह्यात. लघाट्यांनी रीतसर अर्ज केला. प्रवासाचे साधन, सायकल. प्रयोजन, घाट चढणे. अर्ज शेरा मारून परत आला, "घाट चढण्याचे प्रयोजन नमूद करावे." लघाट्यांनी लिहिलं, "चढणे हेच प्रयोजन." पुन्हा शेरा, "चढल्यानंतरचा कार्यक्रम?" लघाट्यांनी लिहिलं, "उतरणे." तीस वर्षं त्यांनी स्वतः लोकांच्या अर्जांवर असेच शेरे मारले होते, त्यामुळे त्यांना रागावता येईना. अखेर मंजुरी मिळाली ती या अटीवर, की सदर कर्मचाऱ्याने सोमवारी सकाळी कार्यालयात स्वतःच्या पायांवर हजर राहावे.

शनिवारी सायकल ओव्हरऑइल करायची होती. लघाट्यांनी दुकानातून मशीनचं तेल आणलं होतं. त्यांचे वडील आप्पा, वय चौऱ्याऐंशी, आरामखुर्चीतून सगळं पाहत होते.

"हे कसलं बाजारी पाणी?" आप्पा म्हणाले. "घरात आपल्या माडांचं घाण्यावरचं खोबरेल असताना? तुझ्या आईचं शिवणयंत्र चाळीस वर्षं खोबरेलावर चाललं. घड्याळ त्यावर चाललं. रहाट त्यावर चालला. या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला मी खोबरेल लावलंय, तुझ्यासकट."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बापाशी, आणि तेही तेलावरून, कोण वाद घालणार? लघाट्यांनी सढळ हाताने खोबरेल घातलं. फ्रीव्हीलमध्ये घातलं, लांब हाताच्या सांध्यांत घातलं, खटक्यापासून मागे जाणाऱ्या तारेच्या नळीत तर ठिबकून बाहेर येईपर्यंत घातलं. मग भर दुपारी भाट्याच्या पुलावरून एक फेरी मारली. गिअर असे सरकत होते की जणू लोणी. लघाटे घरी आले आणि आप्पांच्या पाया पडले. हे त्यांच्या नंतर बरंच लक्षात राहिलं.

संध्याकाळी सगळी वरात साखरप्याला गेली. सायकल अंगणात आंब्याला टेकवून ठेवली. डोंगराच्या पायथ्याची ती थंडी रत्नागिरीच्या माणसाला ठाऊक नसते. पहाटे लघाटे मोरीत गेले तर फळीवरच्या बाटलीतलं खोबरेल पांढरं, घट्ट झालेलं. त्यांनी बाटली बंबाजवळ ठेवली, तेल विरघळल्यावर डोक्याला चोपडलं आणि भांग पाडला. बाटलीतल्या तेलावरून सायकलीतल्या तेलाची आठवण व्हावी, ही अपेक्षा पहाटे साडेपाचला कुणाकडून करणार?

सात वाजता स्वरूपने पायथ्याशी डांबरावर खडूने ओळ मारली.

"भावोजी, या ओळीपासून. पाय लागला की संपलं."

"तुझी मोटारसायकल मागे ठेव आणि डोळे उघडे ठेव," लघाटे म्हणाले आणि निघाले.

पहिल्या चढाला त्यांनी खटका ओढला. खटका हलेना. जीव खाऊन ओढला तेव्हा मागे कुठेतरी कट् झालं आणि साखळी चौतीस दात्यांवर चढून बसली. पाय हलके झाले. केळशीची यात्रा, धाकूचा हातोडा, मयेकरांचा जॅक, सगळ्याचं सार्थक झालं. शंभर पावलांनंतर रस्ता जरा सरळ झाला म्हणून त्यांनी खटका पुढे सोडला. काही झालं नाही. पूर्ण सोडला. साखळी जिथल्या तिथे. नळीतलं खोबरेल गोठलं होतं आणि तार त्यात चिणली गेली होती.

म्हणजे आता सबंध घाट याच एका गिअरवर. पाय शिवणयंत्रासारखे फिरत होते आणि सायकल मात्र सरकारी कामाच्या गतीने पुढे जात होती. इतक्या हळू सायकल चालवली की ती पडते, म्हणून लघाटे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जात होते. स्वरूपची तर त्याहून पंचाईत. मोटारसायकल इतक्या हळू चालेना. दर दहा पावलांवर ती बंद पडे आणि दर वेळी त्याला पाय टेकावा लागे.

"सतरा," लघाटे मागे न बघता म्हणाले.

"काय सतरा?"

"तू सतरा वेळा पाय टेकलास."

यावर स्वरूप भर्रकन पुढे गेला, माथ्यावर थांबतो म्हणून.

चौथ्या वळणावर लघाट्यांना एक म्हातारी भेटली. भेटली म्हणजे तिने त्यांना मागून गाठलं. डोक्यावर तिच्याहून मोठा गवताचा भारा होता. ती त्यांच्या बरोबरीने चालू लागली आणि बोलू लागली.

"खालच्या अंगास जावई म्हनून येता ते तुमीच न्हवं? मी सोनूबाई. माजी म्हस वरल्या वाडीत हाय. लेक मुंबयला, म्हशीला वैरन मीच नेतंय." थोडं चालून तिने विचारलं, "सायकल बिगडली काय वो?"

लघाट्यांनी मान हलवून नाही म्हटलं. बोलायला श्वास नव्हता.

"मग उतरा की. ढकलत न्ह्या. लवकर पोचाल."

"पोचायचं नाही," लघाटे तीन श्वासांत म्हणाले, "चढायचंय."

सोनूबाईने यावर वळणभर विचार केला. "चढा बापडे," ती म्हणाली.

गायमुखापाशी ती भारा कठड्यावर ठेवून पाणी प्यायला थांबली. लघाट्यांच्या घशाला कोरड पडली होती, आणि पाण्याची धार दहा हातांवर ऐकू येत होती. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं, आता म्हातारी मागे पडली. दोन वळणांत तिने पुन्हा गाठलं.

शेवटच्या वळणावर ऊन आलं. डोंगराआडून सूर्य थेट रस्त्यावर पडला, पाठ शेकली, बोटं सैल झाली. वर माथ्यावर स्वरूप फोन उगारून उभा असलेला दिसू लागला. आता शंभर पावलं. सायकलीवरही ऊन पडलं होतं, आणि घाण्यावरचं शुद्ध खोबरेल विरघळायला ऊन पुरतं. लघाट्यांनी पुढे सोडून ठेवलेला खटका त्यांच्या डोक्यातून गेला होता. तार सुटली, खडखड खडखड करत साखळी चौतीसवरून उतरली ती थेट सगळ्यांत छोट्या चाकावर, घाटातल्या सगळ्यांत उभ्या चढाला.

पायाखालचं पेडल दगड झालं. सायकल जागच्या जागी थांबली. लघाटे कलंडले ते कठड्याकडे, आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. पाय पेडलवरच होते.

"आजी," ते म्हणाले, "जरा मागून ढकलता? दहा पावलं."

पाय टेकायचा नाही एवढंच ठरलं होतं, म्हातारीचा हात पाठीला लागायचा नाही असं निवेदनात कुठे लिहिलं नव्हतं. लिपिकाला असलं बरोबर आठवतं. सोनूबाईने भारा रस्त्यावर आपटला, पदर खोचला आणि असा रेटा दिला की सायकल निघाली. लघाट्यांनी एका हाताने खटका ओढला. तेल आता पातळ होतं. साखळी सुरसुर चढून चौतीसवर गेली. सायकल स्वतःच्या बळावर चालू लागली. ऐंशी पावलं, सत्तर.

"आता भारा कोन देनार?" मागून आवाज आला. तक्रार नव्हती त्यात, नुसती चौकशी होती.

लघाट्यांनी मान वळवली. सोनूबाई भाऱ्यापाशी उभी होती. तेवढा भारा एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. कठड्यावरून घेता येतो, जमिनीवरून नाही. म्हणून तर वाटेवर भाऱ्यापाशी कुणी उभं दिसलं की ओळख असो नसो, हात देऊन पुढे जायचं असतं. हे कुणी शिकवत नाही. आणि भारा खाली टाकला होता तो त्यांच्यासाठी. खाली रस्ता रिकामा, वर फक्त स्वरूप आणि त्याचा फोन. साठ पावलं. लघाट्यांना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली, कोणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि पाय टेकला.

सायकल कठड्याला लावून ते मागे आले, भाऱ्याखाली हात घातला आणि तो सोनूबाईच्या डोक्यावर दिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "चला आता."

वरून स्वरूप ओरडला, "भावोजी, लागला पाय. फोटो आलाय. या आता वर, चहा सांगतो. साठच पावलं राहिलीत."

लघाट्यांनी सायकलीचं तोंड फिरवलं. खाली.

"अहो, कुठे चाललात?"

"ओळीपाशी," लघाटे म्हणाले. "पुसली नसेल अजून."

निवेदनात "जानेवारीचा शेवटचा रविवार" असं लिहिलं होतं. कितव्यांदा ते लिहिलं नव्हतं, आणि रविवार संपायला अजून पुष्कळ अवकाश होता.

साडेबारा वाजून गेले तेव्हा लघाटे माथ्यावर पोचले. या वेळी सगळे गिअर चालले आणि गायमुखाकडे त्यांनी हक्काने दुर्लक्ष केलं. वर कुणी नव्हतं. स्वरूपला भूक लागली म्हणून तो केव्हाच घरी गेला होता. टपरीच्या बाकावर फक्त सोनूबाई बसली होती, म्हशीचं आवरून चहा पीत.

"आताशी आलाव?" ती म्हणाली.

"पाय टेकला नाही," लघाटे म्हणाले.

"बघितलं मी. वळनापासनं बघतंय." तिने त्यांच्यासाठी बाकावर जागा केली.

लघाट्यांनी बसून फोन काढला. ग्रुपवर पावणेदहा वाजता स्वरूपने त्यांचा भाऱ्याखाली हात घातलेला फोटो टाकला होता, "पाय टेकला". खाली नातेवाइकांचे सांत्वनाचे संदेश होते, एकाने भंगारवाल्याचा नंबर दिला होता, आणि आप्पांच्या वतीने कुणीतरी विचारलं होतं की तेलाने काम कसं दिलं. सर्वांत शेवटी, आत्ताच, उल्काचा संदेश होता, "अहो, कुठवर आलात? ताटं वाढली आहेत. मी जेवत नाहीये तुमच्याशिवाय."

लघाट्यांनी लिहायला सुरुवात केली, "दुसऱ्या प्रयत्नात, बारा वाजून चौतीस मिनिटांनी, पाय न टेकता. साक्षीदार सोनूबाई, यांच्याकडे फोन नाही." मग ते सगळं खोडलं. चहाचा एक घोट घेतला. स्टिकरांची यादी उघडली, त्यात स्वतःला शोधलं, मान खाली, जीभ किंचित बाहेर, आणि पाठवून दिलं.

आलोच हं.